टोपीतला क्वार्टरबॅक

"रविवारी मी पहिल्यापासून खेळणार आहे," लॉनी फोनवर म्हणाला, आणि पप्पांच्या हातातलं कोबीचं पान उलगडून आतला खिमा ओट्यावर सांडला.

बुधवारची संध्याकाळ होती. शाळेची बस डेपोत लावून मी नेहमीप्रमाणे सरळ पप्पांकडे आले होते. आई गेल्यापासून बुधवारी आम्ही दोघं मिळून होलुब्की करतो. उकडलेल्या पानात भात-खिमा गुंडाळायचं काम पप्पांचं आणि त्यांनी गुंडाळलेलं परत नीट गुंडाळायचं काम माझं. फोन टेबलावर उताणा ठेवला होता, म्हणजे दोघांनाही ऐकू येईल.

"पहिल्यापासून म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पहिल्यापासून. त्याचा घोटा गेलाय. कोच म्हणाले, झुर्को, रविवार तुझा."

'तो' म्हणजे त्यांच्या संघाचा खरा क्वार्टरबॅक, पंचविशीतला, टूथपेस्टच्या जाहिरातीत दात दाखवणारा. माझा भाऊ त्याच्या मागचा, राखीव. अकरा वर्षांत चार संघ झाले, पण सामन्याच्या सुरुवातीला मैदानात उतरण्याची संधी त्याला एकदाही मिळाली नव्हती. कधी सामना हातचा गेलाच, तर शेवटची पाच मिनिटं त्याला पाठवायचे, तेही लोक उठून गाड्यांकडे निघाल्यावर.

"दोन तिकिटं ठेवलीत. आमच्या बाकाच्या बरोब्बर मागे, तिसरी रांग. रोझी, पप्पांना आण. पप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"याल ना?"

"रविवारी चर्चमध्ये मिस्सा असते."

"मिस्सा आठला असते, पप्पा. मॅच एकला आहे."

"बघू," म्हणत पप्पांनी हात धुतले, आईच्या टॉवेलला पुसले आणि ते गॅरेजमध्ये निघून गेले. दार मात्र हळूच लावलं. रागावले की ते आपटतात.

"गेले?" लॉनीने विचारलं.

"गेले."

"गॅरेजमध्येच ना?"

"मग काय चर्चमध्ये?"

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तो उलटा टोला मारल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "रोझी, हा एकच सामना असणारे. माझा हा दुखरा गुडघा बघून पुढच्या वर्षी मला कुणी दारातही उभं करणार नाही. पप्पांनी एकदा येऊन बसावं, बस. मग जन्मभर गॅरेजात बसले तरी माझं काही म्हणणं नाही."

फोन ठेवल्यावर उरलेली पानं मी एकटीने गुंडाळली. पप्पा का येत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त लॉनीला, आणि त्याला ते कळू न देण्यात माझ्यासकट अर्धं गाव सामील होतं.

आमचं गाव कॅल्डर, ओहायो नदीकाठचं. इथे मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात एक छोटा फुटबॉल ठेवतात, आमचा लंबगोल, हाताने फेकायचा. इस्पितळातल्या नर्सच ठेवतात. शाळेच्या संघाचे चाहते खोकीच्या खोकी पाठवून देतात. माझ्या पाळण्यात काही ठेवलं नव्हतं, मुलीला कशाला म्हणून. पाच वर्षांनी लॉनी आला तेव्हा त्याचा चेंडू मी पळवला. तो अजून माझ्या बसच्या पुढच्या काचेपाशी असतो, आणि पोरं त्याला हात लावून मगच परीक्षेला उतरतात.

पप्पा पोलादाच्या कारखान्यात होते, पत्रे कापायच्या खात्यात. कायमची दुसरी पाळी. शाळेचे सामने शुक्रवारी संध्याकाळी, त्यामुळे अख्खं गाव मैदानावर असायचं आणि पप्पा यंत्रासमोर. लॉनी फेकायला शिकला तो माझ्याकडे, घरामागच्या बोळात. पंधराव्या वर्षी तो शाळेच्या मोठ्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. प्रत्येक डाव याच्याच हातून सुरू व्हायचा. चेंडू कुणाला द्यायचा, कुणाकडे फेकायचा हे यानेच ठरवायचं, आणि ते ठरवत असताना समोरून चार-पाच बैल याला आडवं करायला सुटायचे. त्या वर्षी आधी आधी लॉनी कधी आडवा झाला नाही. सुरुवातीचे सगळे सामने आम्ही जिंकलो. चर्चमधली माणसं मिस्सा संपल्यावर पप्पांना घेरून त्यांच्याच मुलाचं वर्णन त्यांना ऐकवायची.

मग एका शुक्रवारी कारखान्यात भट्टी बंद पडली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. पप्पा कामाच्या बुटांनिशी सरळ मैदानावर आले. मी त्यांना जागा धरून दिली, सॉसेज-पाव आणून दिला. त्यांनी अजून पहिला घास घेतला नव्हता, तोच लॉनी खाली कोसळला. गळ्यापाशीचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचर निघून गेलं तरी पप्पा तो पाव हातात तसाच धरून बसले होते.

पुढच्या वर्षी त्यांनी एकदा परत करून बघितलं. रजा काढली, आणि बँडच्या पोरांमागे, सगळ्यात मोठ्या कर्ण्याच्या आडोशाला जाऊन बसले. त्या दिवशी लॉनीने तीन वेळा चेंडू थेट विरुद्ध संघाच्या हातात दिला. जी शाळा कुणाला हरवत नव्हती, तिने आम्हाला हरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचे कोच वॉल्श आमच्या घरी आले. हातात बायकोने केलेली चेरीची पाई, फळं भरून भाजलेली. आईने कॉफी टाकली. कोच खुर्चीत मावत नव्हते, तरी अंग चोरून बसले.

"एमिल, कामावर सगळं ठीक ना?"

"ठीक आहे."

"दुसरी पाळी म्हणजे तशी चांगलीच म्हणायची. दुपारपर्यंत माणूस मोकळा."

"हो."

"शुक्रवारची तर फारच चांगली," कोच कॉफीत बघत म्हणाले.

पप्पांनी काय ते ओळखलं. "शुक्रवारी मी कामावरच असेन," ते म्हणाले. मग आईने पाई कापली, सगळ्यांनी खाल्ली, आणि पाई छान झालीय असं प्रत्येकाने एकेकदा म्हटलं. कुणी हसलं नाही.

बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. पण आमच्याकडे शिकलेसवरलेले पुरुष हंगामभर एकच मोजे न धुता घालतात. समोरच्या बर्निस टिमको सामन्याच्या दिवशी पोपच्या तसबिरीचं तोंड भिंतीकडे करून ठेवतात, कारण एकदा तसं केलेलं असताना आम्ही जिंकलो होतो. आमच्या घरात प्रागच्या बाळ येशूची मूर्ती आहे. चर्चमध्ये सणावारांप्रमाणे रंग बदलेल तसा तिचा झगा बदलायचा अशी पद्धत. माझ्या आईने तिला शाळेच्या रंगांचा नारिंगी-काळा झगा शिवला होता आणि फादर घरी आले की ती त्यावर जांभळा चढवायची. अशा गावात माणसाचा पायगुण ही चेष्टेची गोष्ट नसते. खेळ बघितला की आपल्याच पोराला आपलीच दृष्ट लागते, हे पप्पांनी मनाशी धरलं ते धरलंच.

यातली एक अट मोठी वाईट होती. ज्याच्यासाठी पाळायचं त्याला ते कळता कामा नये. कळलं की खेळताना त्याच्या डोक्यात तेच राहणार, आणि मग दुप्पट बाधणार. म्हणून लॉनीला सांगायचं, पप्पांची पाळी आहे. तो कॉलेजात असताना कारखाना बंद पडला आणि पाळी संपली. मग पाठ दुखायला लागली, मग गाडीचं काम निघायला लागलं, मग मिस्सा आली.

कॉलेजात तो चांगला खेळला. मोठ्या संघांनी पोरं निवडली तेव्हा अगदी शेवटाकडे, सहाव्या फेरीत, याचं नाव पुकारलं. गावाने तीन दिवस गाड्यांचे भोंगे वाजवले. नंतर भोंगे थांबले आणि टोपी आली. राखीव क्वार्टरबॅक रेषेबाहेर टोपी घालून, हातात डावांची पाटी धरून उभा असतो. प्रत्येक डाव त्याला पाठ असतो. आठवडाभर तो समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करतो, म्हणजे आपल्या गड्यांचा सराव व्हावा. आणि रविवारी उभा राहतो. त्याचे पैसे चांगले मिळतात, नाही असं नाही. त्याच पैशांतून त्याने पप्पांच्या घरावर नवं छप्पर घातलं.

एकदा थँक्सगिव्हिंगला तो घरी आला होता. टर्की कापता कापता पप्पा म्हणाले, "म्हणजे नुसतं टोपी घालून उभं राहायचं? आम्ही उभे राहायचो तर दुसऱ्या टोकाने निदान पत्रा तरी बाहेर यायचा." सगळे पोट धरून हसले. लॉनीही हसला. पण त्यानंतर त्याने घरी खेळाबद्दल बोलणं सोडलं, आणि बाप सामन्याला का येत नाही याचं उत्तर त्याने त्या दिवशी स्वतःपुरतं ठरवून टाकलं. पप्पांच्या हे लक्षातही आलं नाही. ते बोलून गेले आणि रस्सा वाढून घेतला.

आणि तो टीव्हीवर असला की पप्पा गॅरेजमध्ये. तिथे रेडिओही नाही. डब्यातले स्क्रू ओतायचे, लहानमोठे वेगळे करायचे, परत एकत्र करायचे. मी अधूनमधून जाऊन दारातून सांगायचे, "उभाच आहे."

"बरा आहे ना?"

"उभा आहे म्हणजे बराच असणार."

तर त्या बुधवारी होलुब्की चुलीवर चढवून मी गॅरेजमध्ये गेले. स्क्रू टेबलभर पसरले होते.

"पप्पा, तो पस्तीस वर्षांचा झालाय. मोडायचं ते मोडून झालंय त्याचं."

"गळ्याचं हाड तू पाहिलंस. मीही पाहिलं."

"त्याला वाटतं तुम्हाला त्याची लाज वाटते."

त्यांनी वर बघितलं. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही येत नाही. मी त्याला काय सांगू, दरवेळी तुमची पाठच दुखते?"

बराच वेळ ते एक स्क्रू बोटांत फिरवत राहिले. "येतो म्हणून कळव," शेवटी म्हणाले. "पण हे दुसरं काही सांगू नकोस. रविवारपर्यंत तरी नको."

रविवारी मिस्साहून आल्यावर त्यांनी ठेवणीतला कोट घातला. पप्पांच्या पिकअप ट्रकपाशी पोचतो न पोचतो तोच बर्निस टिमको झाडू घेऊन त्यांच्या पायरीवर आल्या.

"एमिल, कुठे?"

"मिस्साला."

"मिस्सा झाली की."

"दुसऱ्या मिस्साला."

बर्निसबाईंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या अंगातल्या लॉनीच्या जर्सीकडे बघितलं, आणि छातीवर क्रूसाची खूण केली. आमचा ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या आत गेल्या नाहीत. पोपचं तोंड त्यांनी तेव्हाच फिरवलं असणार.

दोन तासांचा रस्ता. पप्पा एकदाही कुरकुरले नाहीत. मैदानाबाहेरच्या वाहनतळावर लोक ट्रकच्या मागे शेगड्या पेटवून सॉसेज भाजत होते, सरोवरावरून बोचरा वारा येत होता. आम्ही चालत फाटकापर्यंत गेलो. रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढे दोनच माणसं राहिली तेव्हा पप्पा रांगेतून बाहेर झाले.

"तू जा. मी ट्रकमध्ये बसतो."

"पप्पा, इतक्या लांब येऊन?"

"आलो ना. इतक्या जवळ कधी आलो होतो?" त्यांनी त्यांचं तिकीट कोटाच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं, आणि शेगड्यांच्या धुरातून मागे निघून गेले. मला संताप आला आणि त्यांची कीवही आली. यातलं आधी काय आलं ते आता सांगता येणार नाही.

मी एकटीच आत जाऊन बसले. तिसरी रांग, बाकांच्या एवढी जवळ की लॉनीच्या मानेवरची घडी दिसावी. शेजारच्या खुर्चीवर मी कोट ठेवला. लांबून तरी रिकामी दिसू नये.

सुरुवात छान झाली. पहिल्या डावाला त्याने एक लहानसा, सोपा चेंडू फेकला, मग जरा मोठा, आणि संघ सरकत सरकत पुढे गेला. मग चेंडू समोरच्यांकडे गेला तसा लॉनी बाहेर आला, हेल्मेट काढलं आणि मागे वळून वर बघितलं. मी दोन्ही हात हलवले. त्याने मला बघितलं, माझ्या शेजारच्या कोटाकडे बघितलं, आणि पाणी प्यायला वळला.

तिथून सगळं बिघडलं. मार कुठे बसला नाही, पण तो घाई करू लागला. गडी पोचण्याआधीच चेंडू पोचायचा, नाहीतर त्यांच्या पायाशी पडायचा. दर वेळी बाहेर आला की तो वर बघायचा. तिसऱ्यांदा मी तो कोट उचलून अंगात घातला. निदान त्याला फसवायचं तरी नको. मध्यंतराला ते सतरा गुणांनी मागे होते, आणि माझ्या मागे बसलेला एक दाढीवाला त्याच्या बायकोला सांगत होता की हा झुर्को टोपीतच बरा.

मी पप्पांना फोन लावला. मागून शेगडीवाल्यांचा गोंगाट ऐकू येत होता.

"बरा आहे ना?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"हरतायत. वाईट हरतायत."

"असं कसं? मी तर बघतही नाहीये."

"पप्पा, तुम्ही नाही आहात म्हणूनच. दरवेळी बाहेर आला की तो तुमच्या खुर्चीकडे बघतो. आता तिथे काहीच नाहीये."

पलीकडे कुणीतरी सॉसेज हवंय का म्हणून विचारत होतं. मग फोन बंद झाला.

खेळ परत सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. पप्पा जिन्यावर दिसले. कठडा धरून, आपल्या बुटांकडे बघत, एकेक पायरी उतरत होते. मैदानाच्या दिशेला त्यांनी मान वळवली नाही. माझ्या शेजारी येऊन बसले आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"बसतो," ते म्हणाले. "बघणार नाही."

"बरं."

"तू सांग."

संघ बाहेर आला. लॉनीने हेल्मेटची पट्टी सोडली आणि वर बघितलं. मग नुसता बघतच राहिला. कोच त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते, तरी याचं लक्ष इकडे.

"पप्पा, तो तुमच्याकडे बघतोय. हात वर केलाय."

पप्पांनीही डोळे मिटलेलेच ठेवून हात वर केला. तो चुकून गुणफलकाच्या दिशेने गेला. मी त्यांचं मनगट धरून लॉनीकडे वळवलं.

मागच्या दाढीवाल्याने हे बघितलं. तो खाली वाकला. "काका, माफ करा हं, मघाशी मी काहीबाही बोललो. तुम्हाला दिसत नाही का?"

"नाही," पप्पा म्हणाले. त्या घडीला ते खरंच होतं.

"तुमचा कोण लागतो झुर्को?"

"मुलगा."

दाढीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानंतर मला सांगायचं काम उरलंच नाही. तोच पप्पांच्या कानाशी बसून सगळं सांगू लागला, आणि काय सांगत होता! "आता मागे सरला. अजून हातात आहे. अजून... डावीकडे बघतोय, फसवतोय त्यांना... फेकला! धरला, काका, धरला!" स्वतःचे शेंगदाणेही त्याने पप्पांच्या ओंजळीत ओतले. पप्पा डोळे मिटून शेंगदाणे खात होते आणि मध्येच विचारत होते, "तो पडला का? उठला का?"

"पडला, पण उठला. कपडे झटकतोय."

लॉनी आता घाई करत नव्हता. सतराचे दहा झाले, मग चार. माझ्या भावाला मी बोळात कितीतरी वेळा असं फेकताना बघितलं होतं, कुणी बघत नसताना. तसाच तो त्या हजारो माणसांसमोर फेकत होता, आणि मला आई हवी होती तिथे.

शेवटी फक्त एका डावापुरता वेळ उरला. अजून चार गुणांनी मागे होतो, आणि तेवढे एकदम मिळायचे तर चेंडू पार टोकापर्यंत जायला हवा. सगळं मैदान उभं राहिलं. पप्पाही उभे राहिले. दाढीवाला बोलायचा थांबला.

"काय चाललंय?" पप्पांनी विचारलं. "रोझी, काय चाललंय?"

मी बाजूला बघितलं तर पप्पांचे डोळे उघडे होते.

लॉनी मागे सरला, एका पायावर तोल घेतला आणि फेकला. चेंडू उंच गेला, दिव्यांच्या उजेडात गिरक्या घेत, एकदाही न डगमगता. तो टोकाला पोचला तेव्हा आमचा गडी बरोबर त्याच्या खाली होता. दोन्ही हात वर, चेंडू हातात आला, बोटांना लागला आणि निसटला. लोकांच्या घशातून एकच आवाज निघाला, आणि मग सगळे आपापल्या वस्तू गोळा करू लागले.

पप्पा चेंडू पडला त्या बाजूला बघत नव्हते. ते लॉनीकडे बघत होते. लॉनी आपल्या पायांवर उभा होता, दोन्ही हात कमरेवर.

"मोडलं नाही काही," पप्पा म्हणाले.

दाढीवाल्याने एकदा पप्पांच्या उघड्या डोळ्यांकडे बघितलं, एकदा हातातल्या बिअरकडे, आणि ग्लास हळूच खुर्चीखाली ठेवून दिला.

खेळाडूंच्या दारापाशी थंडीत आम्ही खूप वेळ उभे होतो. लॉनी लंगडत आला, केस ओले, गालावर खरचटलेलं. आधी मला मिठी मारली. मग पप्पांसमोर नुसता उभा राहिला.

"आलात," तो म्हणाला. "उशिरा का होईना."

"फाटकापर्यंत वेळेवरच आलो होतो."

"मग?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी काही सांगणार नाही म्हणून. इतकी वर्षं मी सांगितलं नव्हतं, आता ते त्यांचं होतं.

"मी बघितलं की तुला लागतं," पप्पा म्हणाले. "ते हाड. मग बँडच्या पोरांमागे बसून बघितला तो सामना. तेव्हापासून मी बघत नाही."

लॉनीला आधी कळलंच नाही. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता थांबला. "म्हणजे ते गॅरेज... पाठ... ते सगळं?"

"मग काय करणार होतो? तू उभा राहिलास ना धडधाकट इतकी वर्षं?"

"मला वाटायचं तुम्हाला लाज वाटते."

"कसली?"

"टोपीची."

पप्पांना थँक्सगिव्हिंगचं ते जेवण आठवलं असावं. वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाऱ्यानेच म्हणू या. मग त्यांनी कोटाच्या बाहीने लॉनीच्या गालावरचं रक्त टिपलं. तो पस्तीस वर्षांचा माणूस गाल पुढे करून उभा होता.

"शेवटचा मी बघितला," पप्पा म्हणाले.

"पडला तो."

"मी तू फेकलेला बघितला. पकडायचं काम दुसऱ्या कुणाच्या पोराचं होतं."

लॉनीने पप्पांच्या दंडाला धरलं आणि आम्ही तिघं ट्रककडे चालू लागलो. कोण कुणाला आधार देत होतं ते मागून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी त्या दातवाल्याचा घोटा बरा झाला. मी दुपारी पप्पांकडे गेले तेव्हा गॅरेजला कुलूप होतं. पप्पा बैठकीच्या खोलीत होते. आरामखुर्ची ओढून त्यांनी टीव्हीच्या इतकी जवळ आणली होती की मी लहान असताना एवढ्या जवळ बसले असते तर कान पिळला असता. शेजारच्या स्टुलावर बशीत शेंगदाणे.

मैदानाच्या मधोमध धावपळ चालली होती, कुणीतरी गुण केले, निवेदक ओरडला. पप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पडद्याच्या डाव्या कडेला बघत होते. तिथे रेषेबाहेर माणसांची रांग होती आणि त्या रांगेत, एका जाड कोचच्या मागे, टोपी घातलेला माझा भाऊ अर्धाच दिसत होता. हातात पाटी होती. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

"गुडघा दुखतोय त्याचा," पप्पा म्हणाले. "एवढा वेळ उभं राहायचं म्हणजे काय खायचं काम आहे?"

मी होलुब्कीचं भांडं घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले, ती नेमकी टीव्हीच्या समोरून.

"रोझी, बाजूला हो," पप्पा मान तिरकी करत म्हणाले. "तो उभा आहे."